झाकलेलं साणं

मैंदर्गीच्या अलीकडे, ओढ्याच्या काठाला असलेल्या त्या वाडीत घड्याळ कुणाच्याच घरी नव्हतं. त्याची गरजही पडत नसे. सकाळची उन्हं अंगणात उतरली की सिद्धप्पा आपल्या धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर चढायचा, दोन्ही हात तोंडाशी धरायचा आणि ओढ्यापलीकडच्या रानात गेलेल्या आपल्या पोराला हाक मारायचा. "कल्लप्पाऽऽ" ही हाक ओढा ओलांडून, ज्वारीच्या शेंड्यांवरून, थेट बांधाच्या बोरीपर्यंत जायची. औताचे बैल आपसूक थांबायचे. शेजारच्या रानातले लोकही मग औतं सोडून भाकरी खायला बसायचे. बैलांना हाकेचा अर्थ कळतो आणि कल्लप्पाला कळत नाही, अशी थट्टा वाडीत चालायची, कारण कल्लप्पा हातातलं काम पुरं केल्याशिवाय हलत नसे.

त्या वर्षी कार्तिक सरता सरता थंडी पडली आणि सिद्धप्पाची हाक बंद झाली.

धाप त्याला आधीही लागायची. दर हिवाळ्यात चार दिवस छाती भरून यायची, सुंठ-गुळाचा काढा घेतला की मोकळी व्हायची. पण या खेपेला छाती भरली ती भरलीच. श्वास घेताना गळ्यातून जुन्या मोटेच्या चाकासारखा आवाज यायचा. धाब्याच्या शिडीची दुसरी पायरीही त्याला चढवेना.

सासू उन्हाळ्यात वारली होती. घरात बाईमाणूस म्हणून आता एकटी सून, महानंदा. सासऱ्याला सांभाळायचा हा तिचा पहिलाच हिवाळा, आणि थंडीचं तिला फार भय होतं. त्याला कारण होतं. मानमोडीची साथ आली तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती. घरात सगळेच आजारी, आत जागा नाही, म्हणून तिच्या बापाची वाकळ ओसरीवर टाकली होती. दोन दिवसांनी सकाळी तो उठला नाही. रोग कसला, काय, हे त्या वयात तिला कुठलं कळायला? तिला आठवत होती ती ओसरी, उघडी, वाऱ्याची, आणि दवानं भिजलेली वाकळ. थंडीनं बाप नेला, एवढंच तिच्या मनानं धरलं होतं.

म्हणून तिनं कंबर बांधली. पांढरीच्या टेकाडावरून चिकट मातीच्या पाट्या डोक्यावरून आणल्या, त्यात भुसा आणि शेण कालवलं आणि घराच्या भिंतींतल्या दगडांमधली एकेक फट बोटानं लिंपून काढली. मागच्या दाराच्या फळ्यांमध्ये चिंध्या कोंबल्या. कोनाड्याएवढी एक खिडकी होती, ती विटा रचून बुजवली. सकाळचं गार पाणी आणि ती माती, यांनी तिच्या हाताची कातडी उकलली. टाचांना तर अशा भेगा पडल्या की सारवलेल्या जमिनीवरून ती चालली की मागं रक्ताचे बारीक ठिपके उमटत.

ते ठिपके सिद्धप्पानं पाहिले. दुपारी ती पाण्याला गेल्यावर त्यानं मधाच्या पोळ्याचं जपून ठेवलेलं मेण काढलं, पळीत करडईचं तेल घेऊन त्यात ते चुलीवर विरघळवलं आणि एका करवंटीत ओतून गार केलं. ती आल्यावर करवंटी तिच्यापुढं सरकवली.

"टाचंला लाव. गरम पाण्यात पाय बुडवून, पुसून, मग लाव."

"मामा, तुमी कशाला उठलासा?" ती म्हणाली. "तुमाला धाप हाय की."

"धाप मला हाय. तुला न्हाय," तो म्हणाला. "बैलाच्या खुराला लावतो म्या ह्ये. बैल कदी तक्रार केला न्हाय."

ती हसली. सासऱ्यासमोर हसताना पदर तोंडाशी न्यायची सवय अजून गेली नव्हती, पण हात मातीनं भरलेले असल्यामुळे ते हसू उघडंच राहिलं.

फटी बुजल्या तरी खोकला थांबेना. म्हणजे थंडी अजून कुठूनतरी येते आहे, असा महानंदानं हिशेब केला आणि वर पाहिलं. धाब्याच्या मातीच्या छपराला मधोमध एक भोक असतं, त्याला तिकडं साणं म्हणतात. घागरीच्या तोंडाएवढं ते भोक. त्यातून उजेड आत येतो आणि चुलीचा धूर वर जातो. पावसात त्याच्यावर परात नाही तर फरशी ठेवायची, पाऊस उघडला की काढायची, अशी रीत. महानंदा शिडीनं वर गेली, साण्यावर शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला आणि कडेनं पांढरीच्या मातीचा जाड गिलावा करून ते पक्कं बुजवून टाकलं.

खाली आली तेव्हा घरात अंधार झाला होता. अंथरुणावर बसलेल्या सिद्धप्पानं वर बघितलं, मग सुनेच्या हातांकडं बघितलं. ओली माती कोपरापर्यंत होती आणि बोटांच्या भेगांतून लाल दिसत होतं.

"साणं झाकलंस व्हय?"

"आता वाऱ्याला वाटच न्हाय, मामा," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जिंकल्यासारखा भाव होता.

"बरं केलंस पोरी," तो म्हणाला आणि पांघरूण ओढून भिंतीकडं वळला.

त्या दिवसापासून दुखणं वाढलं. महानंदानं त्याच्या अंथरुणाशेजारी घमेल्यात शेण्यांचा विस्तव ठेवला, तो रात्रंदिवस धुमसत राहिला. शेजारची बजाबाई, जिला सगळ्या वाडीच्या दुखण्यांची औषधं पाठ होती, ती येऊन सांगून गेली की छातीला ओव्याची धुरी द्यावी. मग सकाळ-संध्याकाळ विस्तवावर ओवा टाकून धुरी. चूलही त्याच घरात, तुराट्यांच्या जाळावर. कल्लप्पाचे डोळे लाल राहू लागले. महानंदा भाकरी थापता थापता खोकायची. थंडीच तशी पडली आहे, सगळ्यांचंच होतंय, असं ते एकमेकांना सांगत. सिद्धप्पा मात्र दिवसभर गोठ्यात जाऊन बसू लागला. बैलांच्या अंगाची ऊब बरी वाटते म्हणायचा. महानंदा त्याला हाताला धरून घरात आणायची, विस्तवापाशी बसवायची, आणि तो आज्ञाधारक लेकरासारखा बसायचा.

येळामावस जवळ आली तशी सिद्धप्पाची लेक दाक्षायणी माहेरी आली. मैंदर्गीच्या पेठेत तिच्या नवऱ्याचं किराणा-भुसाराचं दुकान होतं. येताना तिनं बापाला गिरणीतलं जाड पांघरूण, सोलापूरच्या डॉक्टरकडून आणलेली औषधाची बाटली आणि चहाची पुडी आणली. बापाची दशा बघून ती आधी रडली आणि मग तिला राग आला. राग काढायला घरात एकच माणूस होतं.

आई असताना आप्पा असे कधी खोकले नाहीत, हे तिनं चुलीपाशी म्हटलं, गोठ्याशी म्हटलं आणि बजाबाईच्या अंगणात जाऊन तिथंही म्हटलं. महानंदानं ऐकून घेतलं. रात्रीच्या भाकरीला तिनं नणंदेच्या ताटात लोण्याचा गोळा नेहमीपेक्षा मोठाच वाढला.

जेवण झाल्यावर दाक्षायणीनं ठरलेलं सांगितलं. "येळामावस हुंदे. दुसऱ्या दिवशी गाडी येतीय. आप्पाला म्या नेते. आमच्या माडीला काचंच्या खिडक्या हायत. तितं डाक्टर हाय."

कल्लप्पा खाली बघत राहिला. मोठ्या बहिणीपुढं त्याचा आवाज कधीच निघत नसे. सिद्धप्पा विस्तवाकडं बघत होता.

"आप्पा, येताव न्हवं?" दाक्षायणीनं विचारलं.

"पेठेत धाबं हाय का?" त्यानं विचारलं.

"माडी हाय म्हनले की."

"माडीवरनं रान दिसतं का?"

दाक्षायणीनं गाडीचा बेत बदलला नाही. महानंदाला त्या बोलण्यात काही जागाच नव्हती. भांडी घासताना तिच्या मनात एकच येत होतं, की वाडीत आता सगळे म्हणतील, सुनेला एक म्हातारा सांभाळता आला नाही. आणि त्याच्याही खाली, कुणाला न सांगण्यासारखं दुसरं एक होतं. बापानंतर 'पाय दुखतात का' असं तिला विचारणारा हा एकच माणूस होता.

येळामावस म्हणजे त्या भागाचा मोठा सण. मार्गशीर्षाच्या अमावास्येला गावात कुत्रंसुद्धा उरत नाही, सगळं रानात. कल्लप्पानं आदल्या दिवशीच रानात कडब्याची खोप उभी केली होती. आत पाच दगड चुना लावून मांडले होते. महानंदानं पहाटेपासून भज्जी शिजवली, बाजरीचे उंडे केले, गव्हाची खीर केली, ताकातली आंबील मडक्यात भरली. दुरड्या भरून गाडीत ठेवल्या. सिद्धप्पाला घोंगडी, त्यावर गिरणीचं पांघरूण, डोक्याला मुंडासं, त्यावर उपरणं असं गुंडाळून गाडीत बसवलं, तेव्हा त्याचे नुसते डोळे दिसत होते. वाऱ्यात नेऊ नका म्हणून महानंदा सकाळपासून दोनदा सांगून चुकली होती, पण घरच्या वडीलधाऱ्यानं आंबील शिंपडल्याशिवाय येळामावस पार पडत नाही.

पूजा झाली. आंबिलीचं मडकं आणि बाभळीचा डहाळा घेऊन पिकाभोवती फिरायचं आणि रानाच्या चारी कोपऱ्यांना कानडीतली आरोळी द्यायची, हे काम सिद्धप्पाचं. दरवर्षी त्याची आरोळी ऐकून चार रानांतले लोक आपली आरोळी देत. त्या दिवशीही आसपासची माणसं आपापल्या बांधावर मडकी घेऊन त्याच्या आवाजाची वाट बघत उभी राहिली. त्यानं तोंडाशी हात नेला, अर्धा शब्द बाहेर आला आणि मग नुसता खोकला. वाकून, गुडघ्यावर हात ठेवून तो खोकत राहिला. बांधांवरची माणसं दुसरीकडं बघू लागली. शेवटी कल्लप्पानं मडकं घेतलं आणि राहिलेली आरोळी बारीक आवाजात पुरी केली.

सिद्धप्पा कुणाकडं न बघता खोपीत जाऊन बसला. थोडं जेवला आणि कडब्याला टेकून पडला.

बाकीची मंडळी जेवली, शेजारची येऊन जेवून गेली, दाक्षायणी बोरं वेचायला बांधाकडं गेली. महानंदा खोपीबाहेर भांडी आवरत होती. हात चालू होते, पण कान आत लागलेला होता. गेल्या महिन्याभराची ती सवय झाली होती, काहीही करताना आतल्या श्वासाचा तो घरघराट ऐकत राहायची. आणि मध्येच तिच्या ध्यानात आलं, की आतून काही ऐकू येत नाही.

हातातलं भगुणं तसंच टाकून ती आत शिरली. सिद्धप्पा तोंड उघडं टाकून पडला होता. पांघरूण बाजूला सरकलं होतं. कडब्याच्या फटींतून उन्हाच्या रेघा त्याच्या अंगावर पडल्या होत्या आणि त्याच फटींतून गार वारा सरळ आत येत होता. ओसरीवरची ती वाकळ तिच्या डोळ्यांपुढं आली. तिनं वाकून त्याच्या छातीवर हात ठेवला.

छाती हळूच वर आली आणि खाली गेली. पुन्हा वर आली. घरघर नव्हती. म्हातारा झोपला होता, एवढंच.

ती तिथंच बसली. खूप वेळ बसली. खोपीच्या टोकाकडं, जिथं पेंढ्या एकत्र बांधल्या होत्या आणि मध्ये आभाळाचा निळा तुकडा दिसत होता, तिकडं बघत राहिली. उन्हं कलायला लागली तेव्हा सिद्धप्पाला जाग आली. सूनबाई उशाशी बसलेली पाहून तो जरा लाजला.

"लई झोपलो की."

"मामा," ती म्हणाली, "हितं तुमाला खोकला न्हाय आला."

तो उठून बसला.

"धुरानं हुतंय व्हय? घरात?"

"थंडीबी हाय," तो म्हणाला. "म्हातारपनबी हाय."

"साणं झाकल्यापास्नं वाढलंय. व्हय का न्हाय सांगा."

सिद्धप्पानं कडब्याचं एक पातं तोडलं आणि बोटाला गुंडाळत राहिला. "पयल्या रात्रीच कळलं मला. जीव कोंडत हुता."

"मग बोललासा का न्हाय?"

"तुझं हात बघितले की म्या," तो म्हणाला. "असल्या हातानं लिंपल्यालं, म्या तोंडानं कसं उकरू?"

महानंदानं आपले हात पदराखाली घेतले. तिला रडू आलं आणि त्याचबरोबर त्याचा रागही आला. असला कसला हा शहाणपणा, असं तिला ओरडावंसं वाटलं. पण सासऱ्यावर ओरडायची रीत नव्हती. ती उठली आणि बाहेर आली.

तेवढ्यात दाक्षायणी ओच्यात बोरं घेऊन आली. बाप पांघरुणाशिवाय वाऱ्यात बसलेला पाहून ती तडकली. महानंदानं जे कळलं ते सांगितलं. दाक्षायणीला ते पटेना. थंडीत घराला भोक ठेवून म्हाताऱ्याला निजवायचं, हे जगाच्या पाठीवर कुठं ऐकलं आहे, असं तिचं म्हणणं. चार लोक काय म्हणतील, हेही तिनं विचारलं.

"लोक म्हनूंद्या, वन्सं," महानंदा म्हणाली. नणंदेला उलट बोलायची ही तिची पहिलीच वेळ. "संक्रांतीपतोर माज्यापाशी ऱ्हाऊंद्या. संक्रांतीला मामांनी धाब्यावर चढून हाक मारली न्हाय, तर म्या सोता गाडीत बसवून दीन."

दाक्षायणीनं भावाकडं बघितलं. कल्लप्पा बैलांच्या गळ्यातली घुंगरं नीट करत होता. मान वर न करता तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे की आक्का." साऱ्या आयुष्यात बहिणीपुढं तो एवढंच बोलला होता, त्यामुळे ती बोरं दुरडीत ओतायला वळली.

बाकीच्यांना रानात ठेवून महानंदा एकटीच घरी गेली. दिवस मावळायला आला होता. पहार घेऊन ती धाब्यावर चढली. तिनं इतकं पक्कं लिंपलं होतं की माती फुटेना. पहार घालून, गुडघे टेकून, फरशीच्या कडेनं खणत राहिली. वाळलेले पोपडे उडून तोंडावर आले, हाताच्या भरत आलेल्या भेगा पुन्हा उकलल्या. रानातून परतलेली बजाबाई शेजारच्या धाब्यावर येऊन बघत उभी होती.

"महानंदे, येड लागलं व्हय गं? ऐन थंडीत घराला भोक पाडतीस?"

"पाडलेलंच हुतं, काकू. म्या बुजवलं हुतं."

फरशी निघाली. घमेल्यात सकाळचा विस्तव अजून धुमसत होता. साण्यातून धुराचा एक लोट वर आला, तिच्या तोंडावरून गेला, आणि ती खोकत मागं सरली. खोकता खोकता ती त्या भोकाकडं बघत होती. धूर येतच होता. एका घरात एवढा धूर मावला कसा, आणि त्यात एक माणूस मावला कसा, असं तिला वाटलं.

मंडळी घरी आली तेव्हा घमेलं अंगणात पालथं पडलं होतं, खिडकीच्या विटा काढलेल्या होत्या आणि महानंदा पडवीत तीन दगडांची नवी चूल मांडत होती. दाक्षायणीनं सगळं पाहिलं. ती पदर खोचून खाली बसली आणि चुलीला माती लावू लागली. दुसऱ्या दिवशी ती गाडीतून एकटीच मैंदर्गीला गेली.

लगेच काही बरं वाटलं, असं झालं नाही. दम्याचं माणूस एका दिवसात उठत नाही. पहिल्या रात्री थंडी अशी आत उतरली की कल्लप्पाच्या नाकाला धार लागली. बायकोनं आपल्याला खोपीत आणून टाकलं, असं तो दोन दिवस पुटपुटत होता. सकाळी सिद्धप्पाच्या घोंगडीवर दव दिसलं की महानंदा हातातलं काम टाकायची. ती पळत जायची आणि हात लावून बघायची. घोंगडी वरून गार, आतून ऊबदार असायची. मग तिनं त्याचं अंथरूण साण्याच्या खालून सरकवून भिंतीशी नेलं. विस्तवाऐवजी ती चुलीत विटा तापवायची, फडक्यात गुंडाळून एक त्याच्या पायाशी, एक पाठीशी ठेवायची. वाळू तव्यावर भाजून तिच्या पुरचुंडीनं छाती शेकायची. धुरी बंद. चहात आलं आणि गूळ. डॉक्टरची बाटलीही रोज, कारण ती नणंदेनं आणली होती.

पहाटेचा खोकला राहिलाच, पण तो पहाटेपुरता राहिला. घरघर आधी दुपारची गेली, मग संध्याकाळची. एक दिवस सिद्धप्पा शिडीची दुसरी पायरी चढला आणि उतरला. कुणी बघितलं नाही, असं त्याला वाटलं. महानंदानं जात्यावरून बघितलं होतं, पण ती दळतच राहिली.

संक्रांतीला दाक्षायणी गाडी घेऊन आली. तिळाचे लाडू आणले होते आणि गाडीत जादा गवत पसरून आणलं होतं, म्हातारं माणूस बसवायला. महानंदानं ते गवत पाहिलं. नणंदेला पाणी दिलं, वाण दिलं आणि कल्लप्पा ज्वारीच्या राखणीला गेला होता त्याची भाकरी घेऊन रानात निघाली. खरं तर भाकरी थोड्या वेळानं नेली असती तरी चाललं असतं. पण तिला घरात थांबवेना. सासरा धाब्यावर चढतो की नाही, हे बघायचं धैर्य तिच्यात नव्हतं.

कणसांत दाणा भरला होता. कल्लप्पा बांधावर बसून भाकरी सोडत होता. बाजूला बैल चरत होते. महानंदा वाडीकडं पाठ करून उभी होती आणि हुरड्याचं एक कणीस उगाच चोळत होती.

"महानंदेऽऽ"

बैलांनी माना वर केल्या. ज्वारीतून पाखरांचा थवा उठला. कल्लप्पाचा घास हातातच राहिला.

"महानंदेऽऽ, गुळाची ढेप कुटं ठिवलीस गंऽऽ? दाक्षायणीला चहा पायजेऽऽ"

आवाज थोडा फाटलेला होता, शेवटाला दम लागलेला कळत होता. पण तो ओढा ओलांडून, शेंड्यांवरून, बोरीपर्यंत आला होता. महानंदा वळली. लांब धाब्यावर दोन माणसं दिसत होती. एक तोंडाशी हात धरून उभं होतं आणि दुसरं एका हातानं त्याला मागून धरून, दुसऱ्या हातानं आपला कान झाकत होतं.

शेजारच्या रानातल्या कुणीतरी औत सोडलं.

"सांग की," कल्लप्पा म्हणाला. "गूळ इचारतोय न्हवं त्यो."

महानंदानं तोंडाला पदर लावला. डोळे पुसायचं सोडून ती तशीच धाब्याकडं बघत राहिली.

"थांबा जरा," ती म्हणाली. "आनी एकदा हाक मारूंदे."